घरात कुणाला होतं का?

कचेरीच्या तळघरात दप्तरखाना होता आणि दप्तरखान्यात गेली एकोणीस वर्षं तो होता. सगळे त्याला दप्तरीच म्हणत. त्याचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. घरांचे नकाशे, बांधकामाचे परवाने, जन्ममृत्यूच्या नोंदी, सगळं फडक्यात बांधून छतापर्यंतच्या फळ्यांवर रचलेलं. कुठला कागद कुठे आहे ते तो डोळे मिटून सांगे. वरचे साहेब म्हणत, "दप्तरी रजेवर गेला की अर्धी कचेरी आंधळी होते."

एका मंगळवारी सगळ्यांत खालच्या फळीवरचा गठ्ठा काढायला तो उकिडवा बसला. गठ्ठा काढला, मांडीवर घेतला, आणि मग त्याला उठताच येईना.

तसं दुखणं त्याला नवीन नव्हतं. दोन वर्षं मांड्या, कंबर आणि खुब्यांच्या आत दाढ ठणकावी तसं ठणकत होतं. पण दुखणं वेगळं आणि हे वेगळं. अंगातलं सगळं बळ गोळा करून त्याने उठायचा प्रयत्न केला आणि पाय जागचे हललेच नाहीत.

"काय दप्तरी, तिथेच बिऱ्हाड थाटलं का?" दारातून शिपाईमामाने विचारलं. मामा दोन वर्षांत निवृत्त व्हायचा होता आणि त्याने घाई कशाचीच करायची नाही असं ठरवून टाकलं होतं.

"गठ्ठा बघतोय."

"बघा बघा. तोही तुमच्याकडेच बघतोय."

मामा हसत निघून गेला. दप्तरीने गठ्ठा खाली ठेवला. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले, मग ते मांड्यांवर सरकवले, मग आणखी वर. माणसाने शिडी चढावी तसा तो स्वतःच्याच अंगावर हातांनी चढत गेला आणि अखेर उभा राहिला. उभा राहिला खरा, पण आधी दाराकडे वळून बघितलं, कुणी पाहिलं तर नाही ना. कारण असं उठणारा माणूस त्याने आधी एकदा पाहिला होता. रोज पाहिला होता, पाच वर्षं.

त्याचे वडील शाळेत चित्रकला शिकवायचे. त्रेचाळिसाव्या वर्षी त्यांना जमिनीवरून उठायला त्रास होऊ लागला. आधी सगळे हसले, तेही हसले. मग जिना अवघड झाला. मग फळ्यावर लिहायला उचललेला हात अर्ध्यातूनच खाली यायला लागला. शेवटची तीन वर्षं ते मागच्या खोलीत खिडकीकडे तोंड करून पडून असायचे आणि एकावन्नाव्या वर्षी साध्या सर्दीचं निमित्त होऊन गेले. एका मोठ्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, "स्नायू झिजण्याचा आजार आहे. रक्तातून येतो. मुलांना येण्याची शक्यता निम्मी निम्मी." दप्तरी तेव्हा चौदा वर्षांचा होता. दाराआड उभं राहून त्याने ते ऐकलं होतं. डॉक्टरांसमोर त्याची ताई बसली होती, वीस वर्षांची. आई आधीच गेलेली, त्यामुळे मोठ्या माणसांच्या जागी तीच.

आता दप्तरी बेचाळीस वर्षांचा होता.

या दोन वर्षांत त्याने डॉक्टर कमी केले नव्हते. घराजवळच्या डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगून दुखण्याच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी छातीत जळजळ व्हायला लागली, तेव्हा औषधाच्या दुकानातून त्याने जळजळीवरचं पांढरं पातळ औषध आणलं, आणि ती बाटली संपली की दुसरी. हाडांच्या डॉक्टरांनी पाठीचा फोटो काढून पट्टा दिला. पट्टा लावून तो गठ्ठे उचलायचा तेव्हा मामा म्हणायचा, दप्तरी लढाईला निघाला. व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी लिहिलं, रुग्ण मनापासून व्यायाम करत नाही. चौथ्या डॉक्टरांनी सगळे कागद चाळले, चष्मा काढला आणि गोड आवाजात विचारलं, "घरी काही ताणतणाव?" आणि झोपेची गोळी लिहून दिली. कोळसा उगाळावा तितका काळाच.

मात्र प्रत्येकाने एक प्रश्न विचारला होता. कुणी कागदावरून मान वर न करता, कुणी नाडी बघता बघता. "घरात कुणाला होतं का असं काही?"

आणि दरवेळी दप्तरी म्हणाला होता, "नाही."

त्याला स्वतःलाच ते विचित्र वाटायचं. औषधासाठी वणवण करायची आणि नेमकं तेच सांगायचं नाही. पण आयुष्यभर कागदांत राहिलेला माणूस तो. एकदा एखादी गोष्ट लिहिली गेली, शिक्का बसला, की ती माणसाला चिकटते हे त्याने रोज पाहिलं होतं. चुकीची नोंद झालेली माणसं खेटे घालून थकत, पण नोंद हलत नसे. जोवर कागदावर नाही तोवर ते आपल्या अंगात नाही, असं त्याच्या मनाने कधीतरी धरून ठेवलं होतं.

आणि दुसरं कारण घरात होतं. त्याच्या बायकोला हे ठाऊकच नव्हतं.

लग्न ठरताना ताईने सांगितलं होतं, वडील हृदयाच्या झटक्याने गेले. तो शेजारी बसला होता आणि गप्प राहिला होता. नंतर रस्त्यावर आल्यावर त्याने म्हटलं, "ताई, हे बरोबर नाही." ताई म्हणाली, "मी बोलले, तू नाही बोललास. पाप माझं." तो तेवढ्यावर थांबला. माणसाला थांबायला निमित्त पुरतं.

मंगळवारचं त्याने घरी सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून तो स्वतःवर पाळत ठेवू लागला. रस्त्याने जाताना दुकानांच्या काचांत आपली चाल बघायचा. चाल बदकासारखी झाली होती, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. काचेत वडीलच चालताना दिसायचे, फक्त शर्ट त्याचा असायचा. बसच्या पायरीवर चढताना दांडीला लटकून अंग वर ओढायचं आणि मागच्या माणसाने हे पाहिलं का ते बघायचं. जेवताना चमचा तोंडाशी नेला की मनात मोजायचं, आज हात किती वर गेला. ताईचा फोन आला की ती म्हणायची, "दुखणं फार मनावर घेऊ नकोस. सगळ्यांचंच दुखतं." मग थोडं थांबून विचारायची, "आज कसं आहे पण?" रोज विचारायची. एक दिवस चुकवत नव्हती.

मग तो गुरुवार आला. संध्याकाळी मुलगी शाळेच्या मैदानावरून घरी आली. सोळा वर्षांची पोर, चार जणींच्या शर्यतीत शेवटचा टप्पा तिचा असायचा. दाराशीच तिने फतकल मारली आणि बूट काढता काढता म्हणाली, "बाबा, मांड्या नुसत्या भरून आल्यात. जिना चढवेना."

दप्तरीच्या हातातली बशी खाली पडली नाही, पण त्याने ती इतकी जपून टेबलावर ठेवली की बायकोने वळून पाहिलं.

"ऊठ बघू," तो म्हणाला.

"थांब ना, बूट तर काढू दे."

"हात न टेकता ऊठ."

मुलगी हसली आणि उठली.

"परत बस. परत ऊठ."

तिने चारदा केलं, पाचदा केलं. सहाव्या वेळी तिचं हसू गेलं. "बाबा, काय झालंय? तुझा चेहरा असा का झालाय?"

"आणखी एकदा," तो म्हणाला.

बायको पुढे आली. तिने मुलीला आंघोळीला पाठवलं, स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि त्याच्यासमोर उभी राहिली. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. गिऱ्हाईक खोटं बोलतंय की त्याला खरंच अक्षर दिसतंय, हे तिला लगेच कळायचं.

"अहो, आता सांगा."

त्याने सांगितलं. खुर्चीत बसून, जमिनीकडे बघत. वडील, मागची खोली, निम्मी निम्मी शक्यता, हृदयाचा झटका. सांगून झाल्यावर तिने एकच प्रश्न विचारला.

"ही पोटात होती, तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं?"

"हो."

ती बाहेर गेली. तीन दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. मुलीच्या पायांना तेल लावताना मात्र तिचे हात मांडीवर, पोटरीवर पुन्हा पुन्हा काहीतरी चाचपत राहायचे. मुलगी म्हणायची, "आई, अगं पळाले म्हणून दुखत होतं. गेलं आता." आणि खरंच गेलं होतं. पण दोघांनाही ते पटत नव्हतं.

चौथ्या दिवशी बायकोने त्याची फाईल पिशवीत भरली. "मोठ्या इस्पितळात स्नायूंच्या डॉक्टर आहेत. नाव घातलंय. मी येतेय बरोबर," ती म्हणाली. "आणि या वेळी प्रश्नाचं उत्तर मी ऐकणार आहे."

डॉक्टरीणबाई बारीक, पांढऱ्या केसांच्या होत्या. त्यांनी फाईल शांतपणे पहिल्या पानापासून वाचली. मग ती बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "आता हे सगळं विसरू. चालून दाखवा."

त्यांनी त्याला चालवलं, बसवलं, उठवलं. हात वर धरायला लावले आणि खाली दाबून पाहिले. डोळे घट्ट मिटायला लावले, गाल फुगवायला लावले. मग त्याला निजवून नडगीच्या हाडावर अंगठा दाबला. दप्तरी कळवळला.

"इथे दुखतं?"

"खूप."

दुसऱ्या पायावर दाबलं. बरगड्यांवर दाबलं. तो दरवेळी आक्रसला. बाईंनी काही लिहून घेतलं आणि विचारलं, "घरात कुणाला होतं का असं काही?"

बायको भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघत होती. दप्तरीला वाटलं, आता बोललो की संपलं.

"वडिलांना," तो म्हणाला.

एकदा तोंड उघडल्यावर मग सगळंच बाहेर आलं. बाईंनी लिहिणं थांबवलं आणि नुसतं ऐकलं. मग म्हणाल्या, "वडिलांना दुखायचं का?"

हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. कसं विचारणार, त्याने कुणाला विचारू दिलं होतं?

"नाही," तो हळूच म्हणाला. "मी त्यांचे पाय चेपायला बसायचो. ते म्हणायचे, राहू दे रे, मला दुखतच नाही, उगाच तुझे हात दुखतील. पाय नुसते जड लागतात म्हणायचे. ओली घोंगडी पांघरल्यासारखे."

"कधीच दुखलं नाही? नीट आठवा."

"कधीच नाही."

बाई खुर्चीत मागे टेकल्या. "मग ऐका. अजून मी काहीच ठरवलेलं नाही. पण तुमचं दुखणं त्यांच्यासारखं दिसत नाही. उठायची पद्धत तीच आहे, कारण मांड्या आणि खुबे कमजोर झाले की कुणीही तसंच उठेल. पण तुमची हाडं दुखताहेत. कामाची जागा कुठे आहे?"

"तळघरात."

"ऊन कधी लागतं अंगाला?"

दप्तरी विचार करू लागला. सकाळी बस, मग तळघर, मग संध्याकाळ. सुट्टीच्या दिवशी दुखतं म्हणून तो पलंगावर.

"हे कधी बाहेर जातच नाहीत," बायको म्हणाली. त्या खोलीतलं तिचं ते पहिलं वाक्य. "आणि ते पांढरं औषध सांगा. बाटल्याच्या बाटल्या पितात."

"कुठलं औषध? फाईलमध्ये तर नाही."

"ते साधं जळजळीचं आहे," दप्तरी म्हणाला. "दिवसातून चार-पाच वेळा घेतो."

"किती दिवस?"

"दीड वर्ष झालं असेल."

बाईंनी ते लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

रक्त दिलं, हाडांचे फोटो झाले. आठ दिवसांनी बोलावलं तेव्हा बाईंनी फोटो उजेडाच्या पेटीवर लावला आणि पेन्सिलीच्या टोकाने खुब्यापाशी मांडीच्या हाडावर एक फिकट रेघ दाखवली. केसाएवढी. "ही चीर आहे. मऊ पडलेल्या हाडाला अशी चीर जाते. ड जीवनसत्त्व तुमच्या रक्तात जवळजवळ नाहीच. आणि त्या पांढऱ्या औषधाने हाडांना लागणारं फॉस्फरसही अंगात टिकू दिलं नाही. तुम्ही दुखण्यावर औषध घेत होता आणि औषधाने दुखणं वाढत होतं. ते आजपासून बंद. हाडं भरून येतील, स्नायूही परत येतील. वर्ष लागेल. चीर भरेपर्यंत काठी घ्या आणि गठ्ठे दुसऱ्याला उचलू द्या."

दप्तरीला ऐकू येत होतं, पण आनंद होत नव्हता. "आणि वडिलांचं?"

"त्यासाठी वेगळी रक्ततपासणी लागेल. निकालाला सहा आठवडे. एकाच माणसाला दोन आजार होऊ शकतात. मी खोटा धीर देणार नाही." मग त्यांनी विचारलं, "भावंडं?"

"एक बहीण. ती ठणठणीत आहे."

सहा आठवडे गेले, पण कसे गेले ते त्याचं त्याला माहीत. गोळ्या सुरू झाल्या. ताईला त्याने फोनवर एवढंच सांगितलं की बाबांच्या आजाराची तपासणी केलीय; बाकीचं निकाल आल्यावर सांगू म्हणून ठेवलं. दुपारी तासभर तो कचेरीच्या गच्चीवर बाह्या वर करून बसायचा आणि मामा वरच्यांना सांगायचा की दप्तरीला वाळत घातलंय. ठणका खरंच कमी होऊ लागला. तिसऱ्या आठवड्यात तो एक रात्र न जागता झोपला आणि सकाळी उठून घाबरला. कारण आता त्याला उलटीच भीती पडली होती. दुखत होतं तोवर ते वडिलांचं नव्हतं. आता दुखेनासं झालं तर? मग तो मांडीवर मूठ मारून बघायचा, दुखतंय ना अजून. बायकोने एकदा ते पाहिलं आणि त्याची मूठ धरून ठेवली. हात बराच वेळ सोडला नाही.

निकालाच्या दिवशी बाईंनी कागद त्याच्यासमोर फिरवून ठेवला. "तुमच्यात नाही. म्हणजे तुमच्याकडून मुलीकडे जायचाही प्रश्न नाही."

बायकोने डोळ्यांना पदर लावला. दप्तरीने कागद तीनदा वाचला, तारीख पाहिली, सही पाहिली, शिक्का पाहिला. मग उठून म्हणाला, "ताईला सांगायला जातो."

ताई पोस्टात होती, तिकिटांच्या खिडकीवर, आणि पोस्टामागेच तळमजल्यावर दोन खोल्यांत एकटी राहायची. तिने लग्न केलं नव्हतं. वडिलांचं करण्यात वय उलटलं, असं सगळे म्हणत आणि तीही तसंच म्हणे. शनिवार होता, अर्धा दिवस. तो काठी टेकत पोहोचला तेव्हा ती टेबलापाशी खुर्चीत बसली होती. खुर्चीवर दोन उशा होत्या.

"माझ्यात नाही," तो दारातूनच म्हणाला. "ताई, माझ्यात नाही."

ताईने तोंडावर दोन्ही हात धरले आणि रडली. तो पहिल्यांदाच तिला असं रडताना पाहत होता. वडील गेले तेव्हाही ती भाड्याची गाडी ठरवत होती. मग ती डोळे पुसून म्हणाली, "मग तुला झालंय तरी काय?"

त्याने सगळं सांगितलं. हाडं, ऊन, ते पांढरं औषध. सांगता सांगता त्याला चेव आला. "आणि गंमत बघ, बाई मला म्हणाल्या, वडिलांना दुखायचं का? तिथेच त्यांना वाट सापडली. त्या आजारात बहुतेकांना दुखतच नाही, ताई. नुसतं बळ जातं. हळूहळू, कळतसुद्धा नाही. मी दोन वर्षं दुखण्याला घाबरत होतो, आणि दुखत होतं तेच बरं होतं."

ताईने टेबलाची कड धरली.

"दुखतच नाही म्हणजे," ती म्हणाली, "अजिबात नाही?"

"बाबांना कुठे दुखायचं?"

"नाही. नाही दुखायचं." तिने टेबलावरचं फडकं उचललं, घडी घातली, परत उलगडलं. "मलाही काही दुखत नाही."

"तुला कशाला दुखेल, तू..." तो हसत बोलायला लागला, आणि त्याची नजर खुर्चीवरच्या उशांवर गेली. मग टेबलाच्या कडेवर, जिथे रंग उडून दोन ठिकाणी लाकूड उघडं पडलं होतं. खांद्याएवढ्या अंतरावर. तळहात टेकतात तिथे.

"ताई, ऊठ."

"चहा तू कर आज."

"ताई. हात न टेकता ऊठ."

ती उठली नाही. तिने प्रयत्नही केला नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि वडील उठता येईनासं झालं की जसं ओशाळं हसायचे, तसं ती हसली.

मांडीच्या हाडाला चीर होती तरी दप्तरी तिच्यासमोर खाली बसला. "किती दिवस?"

"दीड वर्ष. असेल दोन."

"आणि मला रोज विचारत होतीस, आज कसं आहे?"

"तुझं दुखत होतं ना," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले होते निम्मी निम्मी शक्यता. आपण दोघं. मला वाटलं, दोघांत एकाला. तुझे पाय दुखतात असं कळलं तेव्हा..." ती थांबली. "तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं. एक क्षणभर. मग त्याची इतकी लाज वाटली की रोज फोन करायचे. माझे पाय जड व्हायला लागले, ते वयाने, असं धरून चालले. तुला होतं म्हणजे मला नसणार. असं मी धरून चालले होते."

"ताई, ते तसं नसतं. प्रत्येकाचं वेगळं असतं. दोघांनाही येऊ शकतं, किंवा कुणालाच नाही."

"हे मला कुणी सांगितलं नाही. मी वीस वर्षांची होते." मग ती अगदी सहज म्हणाली, "म्हणून तर लग्न केलं नाही. माझ्या वेळी खोटं बोलवेना. तुझ्या वेळी बोलले."

ताई खुर्चीत, तो जमिनीवर, आणि दोघांनाही आधाराशिवाय उठता येण्यासारखं नव्हतं. शेवटी ताईने टेबल धरलं, त्याने खुर्ची धरली, आणि कसेबसे दोघं उभे राहिले. चहा कुणीच केला नाही.

इस्पितळात जायचं तर ताई कबूल होईना. आजाराला घाबरत होती, त्याहून जास्त भावजयीला. "तिच्यासमोर कशी जाऊ? मी तिला फसवलं." पण सोमवारी सकाळी बायकोच गाडी घेऊन दारात हजर झाली. पुढचं दार उघडून म्हणाली, "वन्सं, बसा."

ताई बसली. गाडी चौकात थांबली तेव्हा ती समोर बघत म्हणाली, "मी तुझ्याशी खोटं बोलले होते."

"बोललात. आणि त्यावरून मी तुमच्याशी भांडणार आहे, चांगलं कडाडून." बायकोने गाडी पुढे काढली. "पण तुमच्या श्वासाची तपासणी होऊ दे आधी. भांडायला समोरच्यात दम हवा."

मागच्या सीटवर दप्तरी हसला नाही, कारण पुढे ताई डोळे पुसताना त्याला दिसत होती.

डॉक्टरीणबाईंनी ताईला चालवलं, बसवलं, हात वर धरायला लावले. नडगीवर अंगठा दाबला. ताई म्हणाली, "नाही दुखत." बरगडीवर दाबला. "नाही." प्रत्येक "नाही"ला दप्तरीला कुणीतरी एकेक पायरी खाली ढकलत होतं. दोन महिन्यांपूर्वी याच खाटेवर तो कळवळला होता; आज तिने एकदा तरी कळवळावं म्हणून तो मनातल्या मनात विनवत होता.

रक्ताचा निकाल नंतर आला आणि तो सगळ्यांनी धरला होता तोच आला. त्या दिवशी ताईने विचारलं, "औषध आहे?"

"बरं करणारं नाही," बाई म्हणाल्या. "पण करण्यासारखं पुष्कळ आहे. श्वासाचे स्नायू आणि हृदय दर सहा महिन्यांनी तपासायचं. सर्दी झाली की त्याच दिवशी यायचं. श्वास कमी पडायला लागला तर झोपताना लावायचं यंत्र असतं. जास्त ताणाचे व्यायाम नाहीत, पण बसूनही राहायचं नाही."

"किती वर्षं?"

"मला माहीत नाही. आणि कुणी आकडा सांगितला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका."

"आमचे बाबा सर्दीने गेले," ताई म्हणाली. "कुणी हे सांगितलं असतं तर?"

बाईंनी नजर चुकवली नाही.

श्वासाची तपासणी काचेच्या एका खोलीत होती. नाकाला चिमटा लावून ताईला नळीत फुंकायला बसवलं. आतला माणूस हाताने खूण करत होता, जोरात, आणखी, आणखी, थांबू नका. ताईचा चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा ताठल्या. काचेबाहेर दप्तरीने नकळत स्वतःचा श्वास रोखून धरला होता. बायकोने त्याच्या पाठीवर थाप मारली. "अहो, तुम्ही घ्या श्वास. फुंकायचंय त्यांनी."

त्या वेळचा आकडा बरा निघाला. अगदी चांगला नाही, बरा. थंडी सरेपर्यंत दप्तरीच्या हाडाची चीर भरली आणि त्याची काठी सुटली. ताईने पोस्टात अर्ज करून खिडकीमागे हातांची उंच खुर्ची मागून घेतली आणि भावाच्या इमारतीत तळमजल्यावर जागा बघायला सुरुवात केली. बायकोने कबूल केल्याप्रमाणे एका रविवारी तिच्याशी भांडण केलं. दोघी दार लावून तासभर आत होत्या. बाहेर आल्या तेव्हा दोघींचे डोळे सुजलेले होते आणि आत काय झालं ते दप्तरीला कुणीही सांगितलं नाही.

भीती मात्र घरातून गेली नाही. आधी ती दप्तरीच्या मांडीत होती, आता फोनच्या घंटीत होती. ताई शिंकली तरी तो विचारायचा, घसा कसा आहे. ती वैतागायची. "सर्दी नाही रे. तिखट गेलं नाकात."

"नक्की?"

"नक्की."

तरी दुपारी तो पुन्हा फोन करायचा. आणि तीही पहिल्याच घंटीला उचलायची.